घरच्या ब्रॉडकास्ट लॅबचा लॉग: सबफ्रेमचं वाटप आणि ६४ फ्रेमचा पिरियड

मंडळी, गाडी पुढे सरकलीये. विषय एलटीई ब्रॉडकास्टचा (एमबीएमएस): ४जी नेटवर्कवरून एकच ऑडिओ-व्हिडिओ एकदाच सोडायचा आणि तो सगळ्या फोननी एकदम घ्यायचा. एसआरएसरॅन ४जी (४जी नेटवर्कचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) चा ईनोडबी (म्हणजे बेस स्टेशन), कोअर (मागचं मुख्य नेटवर्क) आणि एमबीएमएस गेटवे (ब्रॉडकास्टचा डेटा आत घेणारा भाग) एकाच लॅपटॉपवर झिरोएमक्यू (रेडिओऐवजी सॉफ्टवेअरमधूनच सिग्नल पोचवणारी लायब्ररी) लावून चालतंय, म्हणजे हवेत काहीही सोडत नाहीये (लायसन्सशिवाय सोडायचंही नसतं, त्यामुळे "अँटेना कुठली" हे परत विचारू नका). गेटवेच्या व्हर्च्युअल इंटरफेसवर मल्टिकास्ट यूडीपी ढकललं की पलीकडच्या सॉफ्टवेअर यूईमध्ये (म्हणजे फोनमध्ये) ते निघतं. एवढ्यावर खूश होऊन थांबता आलं असतं पण मला खरा इंटरेस्ट शेड्युलिंगमध्ये (कुठल्या चॅनलला कधी किती जागा) होता, आणि वाटप कसं बदलतं ते तिथे मनासारखं खेळवता येत नाही, म्हणून त्या भागाचं छोटं सिम्युलेटर पायथनमध्ये वेगळं लिहिलं. आजचा लॉग त्याच्याबद्दल.

नव्यांसाठी थोडक्यात. एलटीईची फ्रेम १० मिलिसेकंदांची, तिच्यात १० सबफ्रेम. एफडीडीत (जाणं-येणं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतं तो प्रकार) ०, ४, ५, ९ ला हात लावायचा नाही कारण सिंक (फोनने वेळ जुळवणं) आणि पेजिंग (फोनला हाक मारणं) तिथे बसलेलं असतं. उरल्या १, २, ३, ६, ७, ८, म्हणजे ब्रॉडकास्टला जास्तीत जास्त ६० टक्के. कुठल्या सबफ्रेम राखीव ते सिब-२ सांगतो (सिब म्हणजे सेल सगळ्यांना सांगत असतो त्या सिस्टम इन्फोचा एक भाग), एमसीसीएच (ब्रॉडकास्टचा कंट्रोल चॅनल) कुठे शोधायचा ते सिब-१३, आणि कुठला चॅनल कितव्या सबफ्रेमपर्यंत चालणार ते प्रत्येक शेड्युलिंग पिरियडच्या (वाटपाच्या एका फेरीच्या) पहिल्याच सबफ्रेममध्ये येणारा एमएसआय, म्हणजे त्या फेरीचं वेळापत्रक, सांगतो. हे सगळं आधीच ठरवून ठेवावं लागतं कारण समोरून काहीच उत्तर येत नाही. युनिकास्टमध्ये (एकेका फोनला वेगळं पाठवताना) फोन सांगत असतो की सिग्नल असा आहे, पॅकेट हुकलं तर परत मागतो. इथे ना सीक्यूआय (सिग्नलचा रिपोर्ट) ना हार्क (परत मागणं). एसटीच्या टाईमटेबलसारखं आहे, स्टँडवर कोणी असो नसो, गाडी वेळेवर (बरं, कागदावर तरी) सुटणार.

आता आकडे. ५ मेगाहर्ट्झचा कॅरियर घेतला, २५ रिसोर्स ब्लॉक (फ्रिक्वेन्सीचे तुकडे). एक्स्टेंडेड सायक्लिक प्रिफिक्समुळे (प्रत्येक सिम्बॉलआधीची लांबवलेली राखीव वेळ) सबफ्रेममध्ये १२ सिम्बॉल, त्यातले २ कंट्रोलला गेले, मग एमबीएसएफएनचे (सगळे टॉवर तोच सिग्नल एकदम सोडतात ती पद्धत) रेफरन्स सिग्नल वजा केले की एका ब्लॉकमध्ये १०२ एलिमेंट (डेटाचे सगळ्यात छोटे खण) उरतात. १६ क्वाम (एका एलिमेंटमध्ये ४ बिट) आणि निम्मा कोड रेट (निम्मे बिट चुका सुधारायला) धरला तर एका सबफ्रेममध्ये ५१०० बिट. हेडर मी धरलेले नाहीत.

तीन चॅनल ठेवले: ६४ केबीपीएसचे दोन ऑडिओ आणि १ एमबीपीएसचा एक व्हिडिओ. दर फ्रेमला ३ सबफ्रेम दिल्या. पहिल्यांदा पिरियड छोटा घेतला, ८ फ्रेम म्हणजे ८० मिलिसेकंद, आणि तिथेच मजा आली. ८० मिलिसेकंदांत ऑडिओचे ५१२० बिट जमतात, सबफ्रेममध्ये मावतात ५१००, म्हणजे २० बिटांसाठी अख्खी दुसरी सबफ्रेम जाते! दोन ऑडिओच्या मिळून ४, व्हिडिओच्या १६, म्हणजे २४ पैकी २० संपल्या. एलटीईचं स्टँडर्ड दोन चॅनल एकाच सबफ्रेममध्ये मिसळू देतं, मी मुद्दाम मिसळत नाहीये कारण फुकट जाणारी जागा मला उघडी दिसायला हवी होती.

पिरियड ६४ फ्रेम केला, ६४० मिलिसेकंद, १९२ सबफ्रेम. ऑडिओला ९-९, व्हिडिओला १२६, एकूण १४४. वापर ८३ टक्क्यांवरून ७५ वर आला. शिवाय फक्त ऑडिओ ऐकणारा फोन ९ सबफ्रेम घेऊन झोपून जातो, ८० मिलिसेकंदांच्या पिरियडमध्ये त्याला सेकंदाला बारा-तेरा वेळा उठावं लागत होतं. बॅटरीचा खेळ सगळा इथे आहे.

मग साहजिकच हाव सुटते की १०२४ करून बघू. हिशोबाने २२६६ सबफ्रेम लागतात ३०७२ पैकी, जेमतेम ७४ टक्के, म्हणजे वाचलं काय तर एक टक्का. आणि चॅनल बदलला की पुढच्या एमएसआयसाठी १० सेकंदांपर्यंत वाट बघा, सरासरी पाच! ही मॅच बघणाऱ्या माणसाला सांगून बघा. त्यातून अजून एक गंमत अशी की एमएसआयमध्ये "चॅनल इथे संपतो" याला ११ बिट आहेत, त्यात २०४७ च्या पुढचा आकडा मावतच नाही (२०४७ चा अर्थही "या फेरीत हा चॅनल नाही" असा राखून ठेवलाय), त्यामुळे माझं हे वाटप तसंही लिहिता आलं नसतं. माझ्या मते ६४ च्या पुढे जायचं कारण नाही, निदान लाईव्ह कंटेंटला तरी.

पण खरी गळती पिरियडमध्ये नव्हतीच. १९२ पैकी १४४ डेटाला, एमसीसीएच दर ३२ फ्रेमला म्हणून त्याच्या २, उरल्या ४६ रिकाम्या. ट्रान्समिशन मोड ९ (युनिकास्ट पाठवायची एक नवी पद्धत) वाला फोन रिकाम्या एमबीएसएफएन सबफ्रेममध्ये युनिकास्ट घेऊ शकतो, जुन्या मोडवाल्यांसाठी त्या गेल्या त्या गेल्याच. म्हणून सिब-२ मधला एका फ्रेमचा ६ बिटांचा मास्क (१ म्हणजे ती सबफ्रेम राखीव) सोडून चार फ्रेमचा २४ बिटांचा घेतला आणि ३, २, ३, २ असं वाटलं:

१११००० ११०००० १११००० ११००००

आता पिरियडला १६० सबफ्रेम, वापर १४६. एमसीसीएच १ नंबरच्या सबफ्रेमवर ठेवलाय, ती चारही फ्रेममध्ये चालू आहे, त्यामुळे तिकडे काही हललं नाही. ९१ टक्के बघून बरं वाटलं पण मोकळ्या राहिल्या फक्त १४, म्हणजे साधारण ७१ हजार बिट, व्हिडिओच्या ११ टक्के. सीबीआर (बिटरेट कायम तोच ठेवणारा) एन्कोडर असेल तर पुरे. व्हीबीआरमध्ये (बिटरेट बदलता असतो तिथे) सीन कट झाला, मोठी आय-फ्रेम (अख्खं चित्र असलेली व्हिडिओ फ्रेम) आली की हे उडणार आणि परत पाठवायची सोय नाही, जे हुकलं ते हुकलं. ऑपरेटर लोक हे चालवायला नाखूश का असतात ते मला इथे कळायला लागलं. कोरियात केटीने जानेवारी २०१४ मध्ये सुरू केलं, ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने २०१८ मध्ये फुटीच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या) मॅचसाठी, पण राखीव जागा प्रेक्षक नसतानाही राखीवच राहते, आणि जागा कमी करायची तर सिस्टम इन्फो बदलून सगळ्या सेलना एकदम कळवायला लागतं. स्टेडियममध्ये हजारो लोक एकच रिप्ले बघत असतील तिथे झकास, चार लोकांसाठी नाही.

(२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते तो सरकारी टेस्ट अलर्ट यातला नाही. ते सेल ब्रॉडकास्ट, छोटा टेक्स्ट मेसेज, त्याचा सिब वेगळा.)

पुढचं काम सिंक प्रोटोकॉलचं. दोन ईनोडबीनी तेच पॅकेट त्याच सबफ्रेममध्ये सोडायला हवं, त्यासाठी वरून पॅकेटवर टाईमस्टॅम्प येतो, आणि एखाद्याकडे पॅकेट पोचलंच नाही तर त्याने चुकीचं काही पाठवण्यापेक्षा गप्प बसायचं असतं. हे म्यूटिंग सिम्युलेटरमध्ये टाकतोय, सोबत व्हिडिओला खऱ्या एन्कोडरचे फ्रेम साईझ देणार म्हणजे त्या १४ सबफ्रेम किती टिकतात ते दिसेल. कोणाकडे क्रिकेट फुटेजचे व्हीबीआर लॉग असतील तर द्या, ऑडिओवाले नकोत, ते भरपूर आहेत.