हात दिसले पाहिजेत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी टाळत आले. शाळेत होते तेव्हा मुलं विचारायची, आता निवृत्त झाल्यावर शहापुरात भाजी घेताना जुन्या विद्यार्थिनी अडवून विचारतात, "बाई, तुम्ही एवढे पिक्चर बघता, तुमचा सगळ्यात आवडता कुठला?" आणि गाव बेळगाव पडल्यामुळं पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच. "मराठी की कन्नड?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही. मी वाढले निपाणीत. कोल्हापूरची एसटी कोगनोळीचा नाका ओलांडून यायची आणि चिकोडीची लाल गाडी दुसऱ्या बाजूनं यायची. दोन्ही गाड्यांतून सिनेमाची पोस्टरं यायची. ज्याचं पोस्टर भिंतीवर लागलं तो बघायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागतो. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखू कुटायची, चाळायची, पोत्यांत भरायची. नाकाला पदर घट्ट बांधलेला, तरी संध्याकाळी घरी आली की तिच्या आधी तिचा खोकला उंबऱ्यात यायचा. हात तपकिरी झालेले. चिंच लावून घासायची, राखेनं घासायची, तरी वास जायचा नाही. भाकरीलाही एक कडवट चव असायची आणि भाकरीची चव अशीच असते असं आम्ही भावंडं समजत होतो. पुढं सुट्टीत मामाच्या गावी गेले, तिथली भाकरी खाल्ली आणि मला रडू आलं होतं. आपल्या आईची भाकरी कडू का, हे त्या दिवशी मला कळलं.

तेव्हापासून मी सिनेमात हात बघते. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या मनगटाला राख नसेल, शेतकऱ्याच्या बोटांत माती नसेल, तर माझं मन त्या सिनेमातून उठतं. मग गाणी कितीही गोड असोत. माझी यादी या कसोटीवर ठरली आहे.

पहिलं नाव 'संत तुकाराम'. प्रभातचा, 1936 सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. मी तो जत्रेतल्या तंबूत पाहिला, सत्तरच्या आसपास. म्हणजे सिनेमा तेव्हाच चौतीस वर्षांचा होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, खाली जमिनीवर बसायचं, सोबत घोंगडं आणि शेंगा. उशिरा येणारे पडद्याच्या मागं बसायचे आणि त्यांना सगळं उलटं दिसायचं. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम दिसला की पुरुषांच्या बाजूनं हात जोडले जायचे. बायकांच्या बाजूला मात्र सगळ्यांचे डोळे आवलीवर. गौरी नावाच्या नटीनं ती जिजाई उभी केली. प्रभातमध्ये ती आधी किरकोळ कामं करायची, असं सांगतात. मला ते पटतं, कारण तिचं उठणं-बसणं कुणी शिकवल्यासारखं नाही. ती कमरेवर हात ठेवते तेव्हा कंबर खरोखर दुखत असते.

पोरगं आजारी पडल्यावर ती चप्पल घेऊन थेट विठोबासमोर उभी राहते, तो प्रसंग आला आणि आमच्या शेजारच्या म्हातारीनं "हाण त्येला!" म्हणून ओरडलेलं मला अजून ऐकू येतं. कुणी हसलं नाही. ज्या घरात नवरा देवाचा आणि पीठ मात्र उधारीचं, त्या घराची बाजू पडद्यावर कुणीतरी मांडत होतं. तुकाराम वैकुंठाला निघाला तरी हिचा जीव संसारातच. संतपटात एका संसारी बाईला संताच्या बरोबरीनं जागा देणारी ती माणसं किती मोठी असतील, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्यातला 'आधी बीज एकले' तुकोबांचाच अभंग आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते, वर्गातही तसंच शिकवलं. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे. हे कळल्यावर पुढच्या वर्षी मी वर्गात चूक दुरुस्त केली.

प्रभातचाच 'माणूस', 1939 चा. तो खूप उशिरा पाहिला. पण शांता हुबळीकर हे नाव आमच्या घरात आधीपासून होतं, कारण वडील कामावरून येताना 'कशाला उद्याची बात' गुणगुणायचे. हुबळीजवळच्या अदरगुंचीची ही कन्नड मुलगी. मराठी सिनेमात आली आणि पोलीस शिपायाच्या प्रेमात पडलेल्या मैनेला तिनं असं काही केलं की तिच्या हसण्याचीच भीती वाटते. आता हे हसू फुटेल, आता रडू येईल, असं वाटत राहतं. एकाच गाण्यात कितीतरी भाषांची कडवी आहेत. सीमेवर वाढलेल्या माणसाला ते गाणं ऐकताना घरी असल्यासारखं वाटतं, आमच्या बाजारात अजूनही असंच बोललं जातं. सौदा कन्नडमध्ये, भांडण मराठीत, आणि समेट हिंदीत.

आता वडिलांचा सिनेमा. 'बंगारद मनुष्य', 1972, डॉ. राजकुमार, दिग्दर्शक सिद्धलिंगय्या. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते दुसऱ्याच्या रानात राबायचे. त्यांचं कन्नड चिकोडीच्या बाजारात शिकलेलं, आकडे आणि शिव्या एवढ्यापुरतं पक्कं. तरी तो सिनेमा त्यांनी चार वेळा पाहिला. मला सोबत नेलं तेव्हा मी दहा वर्षांची. अख्खा वेळ ते माझ्या कानात मराठीत सांगत होते. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून "सुम्मने कूड्री" म्हटलं, तर दादांनी आवाज तेवढा बारीक केला. राजकुमारांचा राजीव गावी येतो, पडीक जमीन फोडतो, पाणी आणतो, पीक काढतो, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्याच घरातून उलट बोल ऐकून मुकाट्यानं निघून जातो. हात बांधून बसलं तर काम पुढं सरकत नाही, अशा अर्थाचं एक गाणं त्यात आहे. दादांना त्यातला एकही शब्द धड म्हणता यायचा नाही, पण औत धरताना चाल तीच असायची.

घरी येताना ते म्हणाले, "ह्यो माणूस माती हातात घेतो न्हवं, तवा ती खरोखर घेतो बघ." सिनेमाचं एवढं नेमकं परीक्षण मी पुढं कुठं वाचलं नाही. हा सिनेमा बघून शिकलेली पोरं नोकरी सोडून शेतीकडं वळली असं कर्नाटकात सांगतात. आमच्या दादांकडं सोडायला नोकरी नव्हती आणि वळायला शेतीही नव्हती. कुणाची तरी जमीन अशी पिकते, हे बघायलाच ते चार वेळा गेले असतील. ते असताना मी त्यांना हे कधी विचारलं नाही.

'घटश्राद्ध' मात्र मी एकटीनं पाहिला. रविवारी दुपारी दूरदर्शनवर वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी ओळी. घरात सगळे झोपलेले असायचे. गिरीश कासरवळ्ळींचा हा पहिला सिनेमा, 1977 चा, अनंतमूर्तींच्या कथेवरचा, आणि पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय सुवर्णकमळ. वेदपाठशाळेतला एक लहान मुलगा नाणी आणि गुरुजींची विधवा मुलगी यमुना. तिला दिवस जातात आणि बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालतो. ते मडकं फोडणारे हात, ते अगदी सवयीनं, न चुकता विधी करणारे हात पाहिले आणि मी उठून टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं परत लावला, कारण नाणीचं काय होतं ते कळायला हवं होतं. त्या पोराला सगळं दिसतं आणि काही करता येत नाही. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांकडं मी त्यानंतर जास्त वेळ बघू लागले.

आणि तरी एका मुलाकडं बघायचं राहिलं. म्हणून 'फँड्री'बद्दल मला सावकाश सांगावं लागेल. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा इथं थिएटरात पाहिला, 2014 साली. कैकाडी घरातला जब्या, गावातली डुकरं धरणारा त्याचा बाप कचरू, आणि शाळेतली शालू. सगळं गाव मजा बघत असताना हे कुटुंब डुकराच्या मागं धावतं. डुक्कर टप्प्यात येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि डुक्कर निघून जातं. किशोर कदमांचे ते हात बघा, अर्ध्यावर थांबलेले, कामाच्या आकारातच गोठलेले. पुढं ते डुक्कर बांबूला बांधून नेतात तेव्हा मागं शाळेची भिंत आहे. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई.

तशी भिंत आमच्याही शाळेला होती. चित्रं रंगवून घेण्यात मीच पुढं होते. आणि त्याच शाळेत एक मुलगा सोमवारी कधीच यायचा नाही. सोमवारी बाजार, बापाबरोबर ओझी उचलायला जायचा. मंगळवारी मी त्याला वर्गाबाहेर उभं करायची. एकदा म्हणाला, "बाई, आलो तर पैसे कापत्यात." मी म्हटलं, "निमित्त सांगू नकोस." वखारीत राबणाऱ्या बाईची मी मुलगी, एक दिवस बुडाला की किती पैसे कापले जातात हे मला पाठ होतं, आणि तरी मी हे म्हटलं. नववीनंतर तो आलाच नाही. सिनेमाच्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ आपल्या अंगावर येतो. थिएटरात टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. मी मान खाली घातली होती. दगड कुणाला होता हे मला माहीत होतं.

याच दिग्दर्शकाचा 'सैराट' सगळ्यांना जास्त आवडला. इथं तर त्याची कन्नड आवृत्ती 'मनसु मल्लिगे'ही आली, नायिका तीच रिंकू राजगुरू, आणि माझ्या कन्नड शेजारणीनं दोन्ही पाहून मला फरक समजावून सांगितला. मला 'फँड्री' पुरतो.

'श्वास' आहेच यादीत. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीत परत आणणारा तो सिनेमा. डोळे जाणार असलेल्या नातवाला आजोबा शेवटचं जग दाखवायला घेऊन जातात, आणि सगळी गोष्ट एका म्हाताऱ्या हातातल्या एका लहान हाताची आहे. 'उंबरठा' स्मिता पाटीलसाठी, आणि तितकाच आमच्या धारवाडच्या गिरीश कार्नाडांसाठी. चांगला माणूससुद्धा बायकोला किती सहज एकटं पाडतो, हे त्यांनी आवाज न चढवता दाखवलं. मंड्याकडच्या गावात खऱ्या गावकऱ्यांना घेऊन केलेला 'तिथि' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी भाषेची भीती न बाळगता बघावा. 'दो आँखें बारह हाथ' माझ्या यादीत असणार असं लोक नावावरून धरून चालतात. शांतारामबापूंबद्दल आदर पूर्ण आहे, पण त्यातले हात मला काम करण्यापेक्षा धडा शिकवताना जास्त दिसतात.

इथवर सांगून मी सहसा थांबते. तुम्ही सगळ्यात आवडता एकच विचारलात, म्हणून पुढचं.

तो सिनेमा पंचवीस मिनिटांचा आहे. 'तंबाखू चाकीला ऊब आली', 1982. 'युगांतर' नावाच्या गटानं केलेला, दीपा धनराज त्या गटातल्या. निपाणीच्या वखारींतल्या बायका एकत्र कशा आल्या, संघटना कशी झाली, संप कसा झाला, हे त्याच बायकांनी स्वतः त्यात उभं केलं आहे. कृष्णधवल. ऐंशीच्या आसपास आमच्या घरी रात्री बायका जमायच्या, चिमणी बारीक करून बोलायच्या, आम्हाला वाटायचं भिशी आहे. कॅमेरा घेऊन शहरातल्या बाया आल्या होत्या हे ऐकून होते. आपल्या गावावर सिनेमा आहे हे मात्र मला साठीला कळलं. भाचीनं लॅपटॉपवर लावून दिला.

मी आईला शेजारी बसवलं. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, एका कानानं ऐकू येत नाही. "काय बघालीस गं?" म्हणाली. मी म्हटलं, "बघ की तू." पडद्यावर वखार आली. रांगेनं बसलेल्या बायका, चाळणी, आणि हवेत उडणारी ती भुकटी. मी आईचा चेहरा शोधत होते. सापडला नाही, ती त्यात नाहीच. शेजारी बघितलं तर तिनं पदर ओढून नाकावर धरला होता.

संपल्यावर म्हणाली, "एवढाच? परत लाव."

दुसऱ्यांदा लावला तेव्हा ती बोलू लागली. ही कुठल्या वखारीतली, ती कुठल्या गल्लीतली, कोण गेली, कुणाची लेक कागलला दिली, कुणी पहिल्या दिवशी फाटकाशी बसायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. बोलताना मांडीवर तिचे हात चाळण धरल्यासारखे हलत होते. सिनेमातलं बोलणं मला त्या वेळी ऐकूच आलं नाही.