उथळ तळ्यातले डायटम आणि सिलिका : दुसऱ्या हंगामाच्या नोंदी

गेल्या वर्षी नुसते डायटम, म्हणजे सिलिकेची भिंत असलेली सूक्ष्म एकपेशी शैवालं, मोजले, सिलिका मोजलीच नाही. त्यामुळे पाण्यावरची तपकिरी झाक दोन आठवड्यांत कुठे गेली ते कळलं नाही आणि वर्षभर ते मनात घोळत राहिलं. या हंगामात दर रविवारी दोन बाटल्या भरल्या. एक लुगोल (आयोडीनचं द्रावण) घालून मोजणीसाठी, दुसरी सिलिकेसाठी. आता अठरा आठवडे पुरे झालेत. तळं तेच आहे. सगळ्यात खोल जागी जेमतेम दोन मीटर, फॉस्फेट भरपूर आणि उन्हाळ्यात हिरवंगार.

आधी माझी चूक सांगतो, कारण पहिले चार आठवडे तिच्यातच वाया गेले. सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅस्टेरिओनेला या डायटमच्या चांदण्या (काडीसारख्या पेशींचे चांदणीच्या आकाराचे पुंजके) दर आठवड्याला वाढत होत्या, पण सिलिकेचा आकडा काही खाली येईना. संशय आला म्हणून नमुन्याच्या त्याच काचेच्या बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी भरून दहा दिवस ठेवलं आणि सिलिकेची चाचणी केली. तिच्यात मॉलिब्डेट हे रसायन वापरतात, सिलिका असेल तितका निळा रंग येतो. नळीत फिकट निळा रंग आला! काच मुळात सिलिकेचीच, ती पाण्यात थोडी थोडी झिरपते. तेव्हापासून बाटली, सिरिंज, चाचणीची नळी, सगळं प्लॅस्टिकचं. नमुना गाळून फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठवू नका. गोठल्यावर विरघळलेल्या सिलिकेचे रेणू एकमेकांना जुळतात आणि मॉलिब्डेटच्या हाती लागत नाहीत.

आपल्यासारख्या पोषकद्रव्यांनी भरलेल्या तळ्यात आणखी एक फसगत होते. मॉलिब्डेट फॉस्फेटलाही तसाच रंग देतं. त्यावर उपाय म्हणून ऑक्झॅलिक आम्ल घालायचं, म्हणजे फॉस्फेटचं मॉलिब्डेटशी झालेलं संयुग मोडतं आणि सिलिकेचं टिकतं. ही पायरी घाईत गाळली तर दिसणारा निळेपणा कोणाचा ते सांगता येत नाही. आणि एककाकडे लक्ष ठेवा. माझं किट आकडा सिलिकॉन डायऑक्साइडमध्ये देतं, अनेक शोधनिबंधांत तो नुसत्या सिलिकॉनमध्ये असतो. सिलिकॉनच्या आकड्याला 2.14 ने गुणलं की ताळा जमतो.

पाचव्या आठवड्यापासून मात्र चित्र स्वच्छ दिसायला लागलं. चांदण्या वाढत गेल्या तसा नळीतला निळा रंग आठवड्यागणिक उतरत गेला. आठव्या रविवारी नळी जवळजवळ पाण्यासारखी दिसली आणि दहाव्याला मोजणीत चांदण्या कोसळल्या होत्या. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरावर काम करणाऱ्या लंड या शास्त्रज्ञांनी 1950 मध्येच अ‍ॅस्टेरिओनेलाबद्दल हे मांडलं होतं. पाण्यातली सिलिका लिटरला साधारण 0.5 मिलिग्रॅमच्या खाली गेली की बहर थांबतो. विंडरमिअर खोल सरोवर आहे, आपलं तळं डबक्याएवढं. तरी तोच आकडा आपल्या नळीत उतरताना पाहिला तेव्हा मी बराच वेळ नळी उजेडात धरून बसलो होतो.

बहर बुरशीमुळेही कोसळतो, म्हणून तेही तपासलं. चांदणीच्या काड्यांना चिकटलेल्या बुरशीच्या छोट्या गोल थैल्या शोधल्या. सापडल्या, पण शंभर पेशींत दोन-तीनच. तेव्हा इथे सिलिकाच संपली असं मी धरून चाललो आहे.

मराठीत डायटमना करंडक वनस्पती म्हणतात आणि याहून नेमकं नाव सापडणार नाही. डबी आणि तिच्यावर घट्ट बसणारं झाकण. पेशी दुभंगली की प्रत्येक पिल्लाला एक जुना अर्धा भाग मिळतो, आतला भाग नवा घडवावा लागतो, आणि त्यासाठी सिलिका हवीच. नायट्रोजन-फॉस्फरस कितीही असो, डबी पुरी झाली नाही तर विभाजन अडतं. ज्यांना डबी लागतच नाही त्या हिरव्या आणि निळ्या-हिरव्या शैवालांना मग उरलेलं फॉस्फेट मोकळं मिळतं. शेल्स्के आणि स्टोर्मर या संशोधकांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराबद्दल हेच म्हटलं होतं. फॉस्फरस वाढला, डायटम वाढले आणि सिलिका संपत गेली.

पण उथळ तळ्याची गोष्ट इथे थांबत नाही, आणि मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती याच भागाची. अकराव्या आठवड्यात गाळाचा एक थेंब पाहिला. रिकाम्या डब्यांचा खच! आत सोनेरी-तपकिरी हरितलवक नाही, नुसती पारदर्शक भिंत, आणि काहींच्या कडा झिजलेल्या. तळ्याच्या पाण्यात सिलिका कधीच संपृक्त नसते, त्यामुळे मेलेल्या पेशींच्या भिंती सतत विरघळत असतात. पाणी कोमट झालं की वेग वाढतो, सामू (pH) 9 च्या पुढे गेला की आणखी. खोल सरोवरात ही सिलिका थंड तळाशी अडकून पडते. इथे वारा सुटला की गाळ थेट वर येतो, शिवाय गाळात बिळं करणाऱ्या चिलटांच्या अळ्या पाणी आतबाहेर खेळवत राहतात.

खात्री करायला दोन प्लॅस्टिकच्या बरण्यांत सारखाच गाळ आणि गाळलेलं पाणी घेतलं. एक बरणी जागची हलवली नाही, दुसरी रोज हलक्या हाताने ढवळली. आठव्या दिवशी दोन्हींत निळा रंग आला, ढवळलेलीत स्पष्ट गडद. दोनच बरण्या आहेत, याला पुरावा म्हणणं घाईचं होईल. पुढच्या खेपेला प्रत्येकी चार करणार आहे.

तेराव्या आठवड्यापासून तळ्यातली सिलिका परत चढू लागली, तेही वरून निळ्या-हिरव्यांचा दाट थर असताना. सलग तीन दिवस जोराचा वारा झाल्यावरच्या रविवारी ऑलॅकोसायरा या दुसऱ्या डायटमचे लांब दोर पहिल्यांदा दिसले. जाड भिंतीच्या या जड पेशी एरवी गाळावर जिवंत पडून असतात आणि पाणी घुसळलं गेलं की वर येतात. दोन पेशींच्या सांध्यातले एकमेकांत गुंतलेले काटे शंभर पटीच्या ऑइल लेन्सखाली इतके नीट दिसले की मोजणी बाजूला ठेवून मी तासभर तेच रेखाटत बसलो.

पेरॉक्साइडमध्ये उकळून स्वच्छ केलेले नमुने आता वाळताहेत. गेल्या वर्षी कॅनडा बाल्समात (स्लाइडवर नमुना बसवायचा पारदर्शक राळेसारखा पदार्थ) बसवले होते, त्यात भिंतीवरची नक्षी पुसट दिसते. कारण बाल्समाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) 1.52 च्या आसपास, सिलिकेचा त्याच्या जवळ, म्हणून दोन्ही वेगळे उठून दिसत नाहीत. यंदा 1.7 च्या आसपासचं माध्यम वापरतोय. स्टेफॅनोडिस्कस या गोल डायटमच्या छोट्या चकत्यांची जात ओळखायची राहिली आहे, ती त्या स्लाइडवरच करता येईल.