एलिझाबेथ, आलो गं!

लेकीकडे न्यू जर्सीत दुपार फार लांब असते. ती दोघं कामावर, नातू शाळेत, कुकर लावायलाही अवकाश. मग मी जुन्या मालिकांचं एक चॅनल लावून बसते. इंग्रजी निम्मं कळतं, निम्मं हशावरून जुळवून घेते. परवा एक म्हातारा भंगारवाला दिसला. मुलगा काहीतरी मनाविरुद्ध बोलला, तशी म्हाताऱ्याने एक हात छातीवर ठेवला, झोकांड्या खाल्ल्या आणि वर बघून ओरडला, "एलिझाबेथ, आलो गं मी!" एलिझाबेथ म्हणजे वारलेली बायको. मुलाच्या चेहऱ्यावर काळजीची रेघही नाही.

अगं बाई, हे तर आमचे अण्णा!

अण्णांना कळ यायची नाही, ते अन्न सोडायचे. काकाने न विचारता जुनी सायकल विकली, "माझं पान वाढू नका." आमटीत गूळ कमी पडला, "माझं पान वाढू नका." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुपारी सगळं घर लवंडलं की माजघरातून पितळी डब्याचं झाकण सरकल्याचा बारीक आवाज यायचा. एकदा मी पाय न वाजवता गेले. अंधारात अण्णा उभे, गाल फुगलेला, मिशीला बेसन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला उरलेला अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी आई म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही हो त्यांच्या." मी गप्प. आयुष्यात घेतलेली पहिली लाच.

तर हा भंगारवाला. मालिका 'सॅनफर्ड अँड सन', १९७२ ची, गोष्ट लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतली. काम करणारा कृष्णवर्णीय नट रेड फॉक्स तेव्हा अवघा ४९ वर्षांचा, आणि सोंग ६५ च्या म्हाताऱ्याचं. हे सगळं मी रात्री फोनवर शोधत बसले, झोप गेली ती गेलीच.

त्याच्या चार वर्षं आधी, १९६८ साली, तिथे 'ज्युलिया' नावाची मालिका आली होती. डायहॅन कॅरल नर्स झाली होती. नवरा व्हिएतनामच्या युद्धात गेलेला, घर लख्ख, पोरगा शहाणा. तोवर कृष्णवर्णीय बाई टीव्हीवर दिसायची ती बहुतेक मोलकरीण म्हणून, त्यामुळे ज्युलियाचं अप्रूप मोठंच. पण त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातलेली, शहरं पेटलेली, आणि ही बाई इतकी गुणी की लोकांनी विचारलं, ही राहते तरी कुठे? मला तिचा राग नाही येत. पहिल्यांदाच दिवाणखान्यात घेतलेल्या पाहुण्याने पाय पुसूनच यायचं असतं.

फ्रेड सॅनफर्ड, म्हणजे हा भंगारवाला, पाय न पुसता आला. कंजूष, थापाड्या, मेहुणीला तोंडावर कुरूप म्हणणारा, शेजारच्या पोर्तो रिकन माणसाला घालूनपाडून बोलणारा. आता कोणी म्हणेल, कृष्णवर्णीयाला पुन्हा विदूषकच केला की! असेल. पण गोष्टीतली गुणी माणसं मला पहिल्यापासून सोसत नाहीत, त्यामुळे माझं मत धरू नका.

एक मात्र खटकलं. वाईट वागायची मुभा मिळाली ती हसवणाऱ्याला. गंभीर मालिकेत कृष्णवर्णीय बाईने मध्यभागी उभं राहून खोटं बोलावं, पुरावे दडपावेत, बाटली जवळ करावी, यासाठी आणखी जवळपास चाळीस वर्षं जावी लागली. 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' मालिकेतली व्हायोला डेव्हिसची ती वकीलबाई लेकीने मला दाखवली. आरशासमोर बसून ती केसांचा टोप उतरवते, पापण्या काढते, रंग पुसते, आणि मग नवऱ्याला जाब विचारते. त्या भूमिकेसाठी २०१५ साली तिला एमी मिळालं. नाट्यमालिकेच्या नायिकेचं ते बक्षीस त्याआधी एकाही कृष्णवर्णीय बाईला मिळालं नव्हतं. लेक म्हणाली, "आई, किती धाडस!" मी म्हटलं, हो. पण मला आपली त्या भंगारवाल्याची आठवण.

रेड फॉक्स १९९१ साली गेला. नव्या मालिकेची तालीम चालली होती, तिथेच कोसळला. सोबतच्यांना वाटलं, म्हाताऱ्याने जुनं सोंग काढलं. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी चॅनल लावू नये असं ठरवलं होतं. लावलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि मला हसू आलंच.

अण्णा एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले, दुपारच्या झोपेत. पान वाढून व्यवस्थित जेवले होते, कुणावर रुसलेले नव्हते. इतक्या वर्षांची तालीम फुकट. दिवस झाल्यावर आईने पितळी डबा उघडला, बोटाने लाडू मोजले आणि म्हणाली, "त्या दिवशी सकाळी अकरा होते."

दहा होते.