लिनोवर ऊसतोड : गाड्या उलट्या निघाल्या

मार्चमधल्या प्रदर्शनाला पाच आठवडे उरलेत आणि माझ्या पाच लिनो ठशांपैकी (लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरून, शाई लावून कागदावर घेतलेली छाप) साडेचार झालेत. त्या अर्ध्याची गोष्ट पुढे येईलच.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून आम्ही अकरा हौशी जण, विषय 'स्थलांतर'. एकानं मुंबईला गिरणीत गेलेल्या आजोबांची पत्र्याची ट्रंक रंगवायला घेतलीय, एकीनं कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचा नकाशा गोधडीवर टाचलाय. मी कराडचा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड कामगारांचे ट्रक येतात, माळावर त्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माळ पुन्हा मोकळा. लहानपणापासून हेच बघत आलोय, त्यामुळे विषय शोधायला लागला नाही.

पद्धत मात्र उसनी आहे. जेकब लॉरेन्स या अमेरिकन चित्रकारानं १९४०-४१ साली दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीयांवर ६० छोटी चित्रं केली. सगळ्या फळ्या एकदम मांडून तो एक रंग घ्यायचा, जिथे जिथे तो लागेल तिथे लावून टाकायचा आणि मगच पुढच्या रंगाला हात घालायचा. म्हणून पहिल्या चित्रातला तपकिरी तोच साठाव्यातही दिसतो. (आता त्यातली विषम आकड्यांची चित्रं वॉशिंग्टनला आणि सम आकड्यांची न्यूयॉर्कला आहेत. स्थलांतराच्या चित्रांचीही अशी ताटातूट!) मी पाचच ठशांचा धनी, पण शाईचं तेच केलं. पाचटाचा पिवळा एकदाच घोटला आणि पहिल्या तिन्ही ठशांना एकाच दुपारी लावला. मागच्या मालिकेत माझा प्रत्येक पिवळा वेगळ्या गावचा होता, ते तुम्हीच दाखवून दिलं होतं.

पहिला ठसा रात्रीच्या तोडीचा, दुसरा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईचा. दोन्ही बरे आलेत, जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्यानं, म्हणजे कोपीनं, घाम काढला. बांबूच्या तट्ट्याचं विणकाम व्ही गाऊजनं (व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीनं) कोरायचं तर रेघ बारीक आणि सलग हवी. जानेवारीच्या सकाळी लिनो पापडासारखा कडक झालेला, रेघेच्या कडा तुटायला लागल्या. मग गच्चीवर उन्हात दहा मिनिटं ठेवायचा, आत आणून कोरायचा, गार झाला की परत उन्हात. इस्त्रीनंही जमतं म्हणतात, पण घरच्यांनी इस्त्रीला हात लावू दिला नाही. कागदाचाही एक धडा मिळाला. जाड हातकागद चमच्यानं घासून घासून मनगट गेलं, तरी काळा सगळीकडे सारखा उतरेना. शेवटी पातळ नेपाळी कागदावर आलो. प्रेस नसणाऱ्यांनी माझ्यासारखा हट्ट करू नये.

आता चौथा. हाच मला सगळ्यात लाडका होता: बैलगाड्यांची रांग, गाडीवर भांडी, वळकटी, खुराडं, वर बसलेलं पोर. नकाशात बीड उजवीकडे, आपण डावीकडे. म्हणून गाड्या डावीकडे तोंड करून निघालेल्या दाखवायच्या होत्या. काढल्याही तशाच, कोरल्याही तशाच. सतरा दिवस. पहिलं प्रूफ (चाचणीची छाप) उचललं तर सगळ्या गाड्या उजवीकडे चाललेल्या! छाप उलटी पडते हे मला ठाऊक नाही असं नाही; आठ वर्षं हाच उद्योग करतोय. पण ट्रेसिंग पेपर पालथा घालायचा राहिला, तो राहिलाच. सगळी टोळी कामाला यायच्या आधीच घरी परत निघाली होती.

दोन दिवस ठशाकडे बघितलं नाही. मग वाटलं, असू दे, ही परतीची वाट समजू. शीर्षक बदललं की झालं.

तेवढ्यावर सुटलो असतो, पण प्रूफ घेऊन माळावर गेलो. तिथे एक म्हातारे गाडीवान आहेत. त्यांच्या बैलांची स्केचेस मी नोव्हेंबरपासून करतोय. त्यांनी कागद लांब धरून बघितला.

"सायेब, कुठं निघाल्या म्हणायच्या ह्या गाड्या?"

"घरी, बाबा. पट्टा पडलाय."

"मग बैल चुकल्यात. हे यितानाचे बैल हायेत. जाताना फासळ्या मोजून घ्याव्या लागत्यात."

जरा थांबून म्हणाले, "आन् टायरगाडी तर कारखान्याची. ती हितंच ऱ्हाती. बैल ट्रकात जात्यात. असं रांगनं माझा बाप यायचा, जुन्या लाकडी गाडीनं."

म्हणजे एका चित्रात तीन चुका: दिशा, बैल आणि काळ. नोव्हेंबरची स्केचेस वापरून मार्चचे बैल काढले, दुसरं काय होणार? काळाच्या बाबतीत तर मी त्यांच्या वडिलांची गाडी घेऊन तिला आजची टायरं जोडली होती.

लिनोत भर घालता येत नाही, फक्त काढून टाकता येतं. बारीक केलेले बैल पुन्हा धष्टपुष्ट करायचे असते तर ठसा फेकावाच लागला असता. पण इथे उलटं हवं होतं. काळ्या भरीव अंगावर सगळ्यात बारीक गाऊजनं पांढऱ्या फासळ्या ओढल्या, पोटाखाली दोन दोन मिलिमीटर खरवडलं, माकडहाड वर काढलं. टायरांच्या काळ्या गोलात आरे कोरले, त्यांची लाकडी चाकं झाली. एका बैलाच्या खांद्यावर जरा जास्तच खोल गेलं; तिथे जुवाचा घट्टा आहे असं समजावं. नव्या प्रूफला शीर्षक 'बाबांच्या वडिलांची परत'. ते बघून बाबा एवढंच म्हणाले, "आता हाय." मग चहा पाजला.

त्यामुळे पाचवा ठसा बदलला. साखरशाळेचं (तोडकऱ्यांच्या मुलांच्या शाळेचं) चित्र बाजूला ठेवून आता बैल ट्रकात चढताना घेतोय: ट्रक बांधाला मागून लावलेला, एक बैल आत, दुसऱ्याचे पुढचे पाय आत आणि मागचे अजून बांधावर. मागून एक जण शेपटी पिळतोय. हाच तो अर्धा झालेला ठसा. या वेळी ट्रेसिंग पेपर पालथा घातला, दोनदा आरसा धरून बघितला.

ट्रकच्या मागच्या फळीवर 'हॉर्न ओके प्लीज' हवंच होतं. उलटी अक्षरं कोरताना 'प्ली'ची दुसरी वेलांटी अक्षराच्या डाव्या अंगाला येते आणि हुबेहूब पहिलीसारखी दिसते. रात्री अकराला डोळ्यांना ती चूक वाटली आणि हातानं परस्पर सुधारूनही टाकली. छाप पडली 'प्लिज'. पण ट्रकवर शुद्धलेखन कोण तपासतो? ठेवलं तसंच.