तलावच तर आहे

मी अमेरिकेतल्या लेक मिशिगन या तलावाच्या पूर्व किनाऱ्यावर दीपगृहांच्या एक दिवसाच्या सहली नेते. बारा सीटांची व्हॅन, चालवणारीही मीच आणि माहिती सांगणारीही मीच. सप्टेंबरात माझे बरेचसे पाहुणे मराठी असतात, मुलांकडे चार-सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. मुलं कामाला जातात, यांना दिवसभर घर खायला उठतं, मग कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं. चार दीपगृहं, प्रत्येक ठिकाणी भरपूर वेळ, गुडघ्यांना झेपेल तेवढंच चालणं. या कामावर माझा जीव आहे.

त्या दिवशी सात जण होते. त्यातले एक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. व्हॅनमध्ये बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तलावावर दीपगृह कशाला लागतं गं?" हा प्रश्न मला दर फेरीत कुणीतरी विचारतंच. मी आकडे सांगितले: लांबी 494 किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी 190, खोली 281 मीटर. मध्यावर गेलात तर कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही. एकट्या मिशिगन राज्यात सव्वाशेच्या आसपास दीपगृहं आहेत, अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढी नाहीत. काकांनी मान डोलावली, पण आकड्यांनी त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

पहिला मुक्काम हॉलंडचा 'बिग रेड'. हे दीपगृह खाडीच्या दक्षिण तोंडाशी आहे, आपण उत्तरेकडच्या वाळूवर उभं राहून समोर पाहायचं. दोन उतरत्या छपरांचं, घरासारखं दिसणारं, लालभडक. 1956 साली त्याला हा रंग दिला, कारण तलावातून बंदरात शिरताना उजव्या हाताची खूण लाल असली पाहिजे असा नियम आहे. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. सगळ्यांनी फोटो काढले, एका काकूंनी तर मुलीला व्हिडिओ कॉल लावून तिलाही दाखवलं. वारा तेव्हाच नैर्ऋत्येकडून सुटायला लागला होता. हवामानाचा अंदाज मी सकाळीच पाहिला होता, दुपारी वारा वाढणार असं त्यात होतं. पुढच्या मुक्कामी, ग्रँड हेवनला, पिअरवर, म्हणजे पाण्यात आत गेलेल्या काँक्रीटच्या लांब धक्क्यावर, जायचं नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

ग्रँड हेवनला दक्षिणेकडच्या पिअरवर एकामागे एक अशी दोन लाल दीपगृहं आहेत. मधला गोल मनोरा 1905 चा, आणि टोकाला चौकोनी इमारत, जिच्या काँक्रीटच्या पायाला लाटा फोडण्यासाठी होडीच्या नाळेसारखा टोकदार आकार दिलाय. दोन्हींना जोडणारी एक उंच लोखंडी पायवाट पिअरवरून खांबांच्या रांगेवर जाते. लोकांना वाटतं ती शोभेची आहे. वादळात पिअरवरून चालणं अशक्य व्हायचं, लाटा अंगावरून जायच्या, पण दिवा तर पेटता ठेवायलाच हवा. म्हणून रखवालदार वरून जायचे. आज ती लोकांसाठी बंद असते, आणि सगळे खालच्या काँक्रीटवरून चालतात.

आम्ही पोचलो तेव्हा पिअर बहुतेक कोरडा होता. पंधरा-वीस जण त्यावर फिरत होते, दोघे-तिघे गळ टाकून बसले होते. मी सगळ्यांना सांगितलं की आज आपण इथूनच पाहायचं.

काका वैतागले. "अगं, ते बघ, पोरंसोरं जाताहेत. पैसे घेतलेस ते इथून बघायला?"

"काका, वारा नैर्ऋत्येचा आहे. लाट सरळ पिअरवर येते. मधेच एखादी मोठी येते, ती आधी कळत नाही."

"तलावच तर आहे. चाळीस वर्षं धरणांच्या भिंतींवरून चाललोय मी."

मी हसून विषय बदलला. तिथेच चुकलं माझं. मोठ्या माणसाला तोंडावर ठामपणे नाही म्हणायला जड जातं, म्हणून मी अर्धवट बोलले आणि त्यांनी ते अर्धवटच ऐकलं. मग एका आजींना व्हॅनमधून उतरायला मदत करायला वळले. त्यांची काठी सीटखाली अडकली होती. ती सोडवून, त्यांना बाकावर बसवून मागे पाहिलं आणि सवयीने डोकी मोजली. सहा.

मरून स्वेटर मधल्या मनोऱ्याच्या अलीकडे दिसला. काका हात मागे बांधून निवांत चालले होते, एखाद्या कामाची पाहणी करायला निघाल्यासारखे. मी पळत सुटले. हाक मारली, पण वाऱ्यात माझाच आवाज मला ऐकू येईना.

लाट फार उंच नव्हती. ती पिअरच्या दक्षिण कडेवर आपटली, वर उडाली आणि पांढरं पाणी काँक्रीटवरून आडवं वाहत पलीकडे खाडीत पडलं. काकांच्या मांड्यांपर्यंत पाणी आलं. त्यांचे पाय सरकताना मला स्पष्ट दिसले, आणि त्याच क्षणी त्यांनी त्या लोखंडी पायवाटेच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. पाठोपाठ दुसरी लाट. इथल्या लाटा समुद्रापेक्षा फार जवळजवळ येतात, सावरायला उसंत देत नाहीत. गळ टाकून बसलेला एक तरुण त्यांच्याकडे धावला आणि त्याने त्यांचा स्वेटर मागून गच्च धरला. मी पोचले तेव्हा काका खांब सोडायला तयार नव्हते. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ओल्या लोखंडाचा लाल रंग त्यांच्या तळहातांना लागला होता.

आम्ही तिघं भिंतीसारखे एकमेकांना धरून परत आलो. त्या तरुणाचे मी आभार मानले, तर तो म्हणाला की काका पाण्यात पडले असते तर पिअरच्या कडेने वाहणाऱ्या प्रवाहाने बाहेर ओढलं असतं, काठ हाताशी असून हाताला लागला नसता. मला हे माहीत होतं. मी ते दर सहलीत सांगते. त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

मला भयंकर राग आला होता, काकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि नवऱ्याचे पाय पुसत बसल्या.

व्हाइट रिव्हरचं दीपगृह 1875 चं, आता तिथे संग्रहालय आहे. पहिला रखवालदार कॅप्टन विल्यम रॉबिन्सन यांनी चाळीसहून अधिक वर्षं तिथला दिवा सांभाळला. एरवी मी या माणसाबद्दल अर्धा तास बोलते. त्या दिवशी पाच मिनिटांत आटोपलं. काका व्हॅनमधून उतरले नाहीत.

लिटल सेबल पॉइंटला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. 107 फूट उंच, विटांचा, रंग न दिलेला मनोरा वाळूत एकटा उभा आहे. शेजारी रखवालदाराचं घर होतं, ते 1950 च्या दशकात पाडलं. 1874 साली बांधलेल्या या मनोऱ्यात तिसऱ्या श्रेणीचं (श्रेणी आकारावरून ठरते) मूळ फ्रेनेल भिंग अजून आहे. काचेच्या लोलकांची वर्तुळं एकमेकांवर रचलेली असतात, ती दिव्याचा इकडेतिकडे सांडणारा उजेड गोळा करून सरळ पट्ट्यात पाठवतात. वाऱ्यामुळे वर जाणं बंद होतं. खालूनच भिंग चमकताना दिसत होतं.

मी सगळ्यांना 1940 ची गोष्ट सांगितली. 11 नोव्हेंबरला या पट्ट्यात वादळ झालं. इथून जरा उत्तरेला, पेंटवॉटरजवळ, दोन मोठी मालवाहू जहाजं सगळ्या खलाशांसकट बुडाली. तिसरं, नोव्हाडॉक, वाळूच्या दांड्यावर चढून मोडलं. त्यावरच्या सतरा जणांना एका मासेमारी बोटीने जाऊन आणलं.

"वाळूवर पाया कसा घातलाय?"

काकांचा आवाज. व्हॅनमधून उतरून ते अनवाणी आले होते, बूट हातात.

मी सांगितलं, वाळूत लाकडी खांब ठोकले, त्यावर दगडाचा थर आणि त्यावर वीट. काका मनोऱ्याभोवती एक फेरी मारून आले. तळाशी वाकून विटांचे सांधे बोटाने चाचपले, मग मान वर करून निमुळत्या होत गेलेल्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले. "ओळंब्यात आहे अजून," ते म्हणाले. "दीडशे वर्षं वाळूवर." मग माझ्याकडे न बघता, "तो खांब नसता तर..." एवढंच म्हणून थांबले.

"हो काका."

"रखवालदार वरून जायचे म्हणालीस ना? रोज?"

"वादळ असेल तेव्हा."

परतीला काका पुढे, माझ्या शेजारी बसले. ओले बूट हीटरच्या झोतापाशी ठेवले. निघण्यापूर्वी मी वळून मोजलं, सात. आणि पुन्हा एकदा मोजलं.