तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांना सांगून काय साधतं?

रुग्णालयात जे संशोधन होतं त्याचे निकाल साध्या भाषेत लोकांसमोर मांडणं हे माझं काम. व्याख्यान संपलं की बहुतेक वेळा डॉक्टरांपैकीच कुणीतरी विचारतं, "लोकांना अर्धवट कळतं, मग घाबरतात, औषधं बंद करतात. कशाला सांगत बसता?"

ही भीती निराधार नाही. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. असंख्य बायकांनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या. नको असताना दिवस गेले. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले असावेत, असा अंदाज आहे.

आता ते 'दुप्पट' जरा उलगडून बघा. जुन्या गोळ्या घेणाऱ्या 7,000 बायकांमध्ये एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्यांवर दोघींना. म्हणजे सात हजारांत एक जास्त. शिवाय खुद्द गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा मोठा असतो! ज्या भीतीने गोळी सोडली, तिच्याच जास्त जवळ कितीतरी जणी जाऊन पोचल्या.

यावर कुणी म्हणेल, बघा, सांगितलं म्हणूनच घात झाला. मला हे अजिबात पटत नाही. आकडा खरा होता, पण कशाच्या दुप्पट, हे त्याच दमात सांगायला हवं होतं. 'सात हजारांत एकीऐवजी दोघींना' हे समजायला कुठली पदवी लागते? आपणच अपुरं सांगायचं आणि वर लोकांना कळत नाही म्हणायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि निकाल नुसता आपला असतो का? मधुमेहावरच्या एका नव्या गोळीच्या चाचणीत भाग घेतलेल्या एक मावशी मला बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी भेटल्या. म्हणाल्या, "ताई, इतकं रक्त दिलं, सह्या केल्या. त्या गोळीचं पुढं काय झालं? मला खरी मिळाली होती का नुसतीच?" चाचणी कधीच संपली होती, निबंध इंग्रजी नियतकालिकात छापूनही आला होता. मावशींना कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं, की तुम्हाला खरी गोळी होती, पण नेहमीच्या औषधाच्या जोडीला ती दिल्याने साखर फारशी उतरली नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आता ती दुसऱ्या कुणाला उगाच देणार नाहीत, एवढं तर झालं ना?"

त्या बोलल्या ते किती मोलाचं आहे, हे 1989 साली हृदयाच्या औषधांच्या 'कास्ट' नावाच्या चाचणीने दाखवून दिलं होतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडत असतील तर ते आवरणारी औषधं तेव्हा सर्रास दिली जात. ठोके खरोखर सुधारत, त्यामुळे रुग्णही वाचत असणार असं सगळे धरून चालले होते. चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही त्यातली दोन औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यू प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे औषध नसलेली नुसतीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा, जास्त निघाले. ईसीजीवर सगळं छान दिसत होतं, आणि माणसं जात होती. हे कळलं ते चाचणीत नाव घातलेल्या रुग्णांमुळे. निकाल आधी त्यांच्या घरी जायला नको?

चाचणीतले निकाल, नकारात्मकसुद्धा, जाहीर करणं हे संशोधकांचं कर्तव्य आहे, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं मांडणारा हेलसिंकी जाहीरनामाही सांगतो. पण निबंध छापला की कर्तव्य संपलं, असं मानायची सवय जुनी आहे. म्हणून मी आता प्रत्येक चाचणीनंतर भाग घेतलेल्यांसाठी एक पान लिहिते: किती जणांनी औषध घेतलं, किती जणांना गुण आला, त्रास किती जणांना झाला. मसुदा आधी वॉर्डातल्या दोन-तीन रुग्णांना वाचायला देते, ते अडतील तिथे वाक्य बदलते. औषध निकामी ठरलं असेल तर ते पान सगळ्यात आधी धाडते, कारण त्या निकालाची बातमी होण्याची शक्यता सगळ्यात कमी.