तारखेने लावलेला गालिब

पत्रसंग्रह बहुधा माणसांच्या नावाने लावलेले असतात. गालिबचेही तसेच: शिष्य हरगोपाल तफ्ताला लिहिलेली पत्रं एका गठ्ठ्यात, दुसरा शिष्य मीर मेहदी मजरूहची दुसऱ्या, आणि रामपूरच्या नवाबांना लिहिलेली तर वेगळ्याच पुस्तकात. असं वाचलं की दर गठ्ठ्यात एक गुळगुळीत गालिब भेटतो. पेन्सिल घेऊन सगळी पत्रं तारखेने लावावीत, मग खरा माणूस दिसायला लागतो.

1858 घ्या. दिल्ली उजाड, पेन्शन बंद, घरातले कपडे विकून चूल पेटतेय. त्याच वर्षी आग्र्याला ‘दस्तंबू’, म्हणजे 1857 च्या उठावाची त्याची फारसी रोजनिशी, छापायला गेलंय. इंग्रजांची मर्जी संपादून पेन्शन सोडवायची, हा त्यामागचा हेतू. पुस्तकात एकही अरबी शब्द नाही, निव्वळ फारसी, हा त्याचा तोरा. आणि मग ध्यानात येतं की ‘नहीब’ अरबी आहे! लगेच पत्र: चाकूने तो शब्द खरवडा, तिथे ‘नवा’ लिहा. कुणा साहेबाला हे कळणार होतं? पण खरवडायचं म्हणजे खरवडायचं.

जुलै 1859 पासून रामपूरहून दरमहा 100 रुपये येऊ लागले. नवाबांच्या पत्रांत मग तोच दुआचा शेर पुन्हा पुन्हा येतो: हजार वर्षं जगा, अन् दर वर्षाला 50 हजार दिवस असोत. कवितेपेक्षा ही पोचपावतीच जास्त. पुढे एका पावसाळ्यात एका स्नेह्याला मात्र तो सांगतो की आभाळ दोन तास बरसलं तर छत चार तास बरसतं.

एक सावधगिरी हवी. 1858 मध्येच ही पत्रं छापायची टूम निघाली, तेव्हा त्याने नकार दिला. पुढे तो राजी झाला. छापलं जाणार हे कळल्यावर कुणाचाही हात थोडा सावरतोच, म्हणून आधीच्या पत्रांना जास्त वजन द्यावं. ‘ऊद-ए-हिंदी’ हा त्याच्या उर्दू पत्रांचा संग्रह निघाला 1868 मध्ये, पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.

त्या आधीच्या पत्रांपैकीच एक, 1858 च्या डिसेंबरातलं. तफ्ताचं पत्र आलेलं नाही, म्हणून गालिब फणकारतो: अर्ध्या आण्याची कंजुषी नको, नाहीतर बैरंग धाड. बैरंग पत्राचं टपाल घेणाऱ्याने भरायचं, तेही दुप्पट. म्हणजे पेन्शन बंद असलेला हा माणूस एका पत्रासाठी अख्खा आणा मोजायला तयार होता.